शिक्क्याची खिडकी

अठरा वर्षं सिस्टर म्हणून काढली. आता मेट्रन व्हायचं, म्हणून मी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गाला जाऊ लागले. पहिलाच गृहपाठ ऐकून हसू आलं. म्हणे, आपल्याच हॉस्पिटलात साध्या साडीत तासभर बाकावर बसा आणि एका पेशंटकडे नुसतं बघत राहा.

मी एका आजोबांकडे बघत बसले. पायाला पट्टी, हातात केसपेपर. ड्रेसिंगच्या दारातून नव्या सिस्टरनं त्यांना परत पाठवलं, "आजोबा, आधी शिक्का मारून आणा." शिक्क्याची खिडकी व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. भिंतीला धरत गेले, भिंतीला धरतच आले. तोवर पट्टी लाल झाली होती.

दारात गर्दी नको म्हणून हा नियम मीच घातला होता. वर शाबासकीही घेतली होती! त्या दाराच्या आत उभं राहून हा व्हरांडा केवढा लांब आहे, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

आजोबा धापा टाकत माझ्या शेजारी टेकले. म्हणाले, "ज्यानं हे ठरवलं ना बाई, त्याचा पाय कधी दुखला नसणार."

मी माझे पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.