ओटीतल्या हरभऱ्यांची डाळ

भिजवलेले हरभरे आंबल्याचा वास आला, की मला सरदारांकडचं चैत्रातलं ते हळदीकुंकू आठवतं. पेशवे मोहिमेवर होते आणि उन्हानं कात्रजहून येणारं हौदाचं पाणीसुद्धा तापलं होतं. पन्हं बरं होतं. आंब्याची डाळ मात्र बुळबुळीत, आंबूस लागली, आणि तीत कुंकवाचे कण दिसले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनीसाहेब, हरभरे ओळखीचे वाटतात. परवा आम्हीच तुमच्या ओटीत घातले होते ना?"

"अहो, गौरीचा प्रसाद वाया का घालवायचा?" सरदारीणबाई म्हणाल्या.

प्रसाद थुंकता येत नाही. मी डोळे मिटून गिळला. पालखीतून आलेल्या बायकांपुढे मात्र दुसऱ्या पातेल्यातल्या ताज्या डाळीच्या वाट्या होत्या.

तेव्हा मला त्या डाळीची किळस आली होती. आता एका गौरीपुढच्या त्या दोन पातेल्यांची येते.