हिरव्या चोळीतला काळा दोरा

मी मुळातलीच संशयी. गवळण दूध ओतायला लागली की मी आधी तिच्या हाताकडं बघते, मग दुधाकडं. लग्न होऊन वालूरला सासरी आले तेव्हा हा स्वभाव माझ्या पेटीतूनच आला असावा, कारण पहिल्याच आठवड्यात मी त्या पेटीला कुलूप मागितलं होतं. नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. कुलूप काही मिळालं नाही.

दिवसच तसे होते म्हणा. विद्यापीठाच्या नामांतराचं बोलणं गावोगाव चाललेलं, एसटी कधी येईल आणि कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. ओट्यावर बसलेली माणसं परका कुणी आला की बोलणं मोडायची आणि एकदम पावसापाण्यावर यायची. आमच्या घरात तर पाचच मोठी माणसं होतो, त्यात नवरा दिवसभर शेतात आणि दीर महिन्यातले वीस दिवस पालमला आडतीवर. उरलो आम्ही तिघी, सासूबाई, जाऊ आणि मी. संशय घ्यायला एवढ्या बायका पुष्कळ होत्या.

जाऊ माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिच्याकडं पायानं चालवायचं शिवणयंत्र होतं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांचे झंपर तीच शिवायची. बोलायची कमी आणि बघायची जास्त. एखादी बाई तिच्यासमोरून गेली की तिच्या खांद्याचं, छातीचं, कमरेचं माप ती नजरेनंच घेऊन ठेवायची. शिवणारीची सवय ती, पण मला तेव्हा वाटायचं, ही असं काय टक लावून बघते?

मला दिवस गेले. तिसरा महिना सरता सरता परकराची नाडी काचायला लागली. मळमळ तर होतीच, त्यात कमरेला ती गाठ. संध्याकाळी परकर सोडला की कातडीवर लालभडक वळ उठलेला असायचा आणि तिथं खाज सुटायची. सासूबाईंनी एकदा तो पाहिला.

"आमच्या येळंला ही नाडीची भानगड न्हवती," त्या म्हणाल्या. "लुगडं नेसलं, पोट वाढंल तशी गाठ वर सरकवली, झालं. नेस की माझं एखादं."

मी दहावी झालेली. लुगडं नेसून पाणी भरायला जायचं मला कमीपणाचं वाटलं. मी नको म्हटलं. जाऊ यंत्रावरून मान वर करून म्हणाली, "नाडी काचायली का गं? दे परकर इकडं, रुंद पट्टी लावून देते." मी तिलाही नको म्हटलं. हिला माझ्या कमरेची काळजी कशाला, हा प्रश्न मात्र मी दिवसभर चघळत बसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पेटी उघडली तर साड्यांच्या घडीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उलगडलं, हिरवीगार चोळी. आमच्याकडं चोरचोळीची रीत आहे. पोटुशी बाईला तिसऱ्या महिन्यात घरातल्या नाहीतर माहेरच्या कुणी गुपचूप हिरवी चोळी द्यायची. ओवाळणं नाही, जेवणावळ नाही, दिली त्यानं बोलायचं नाही आणि घेतली तिनंही नाव काढायचं नाही. सातव्यात ओटी भरतात ती गाजावाजानं, ही मात्र चोरून. मला वाटलं सासूबाईंनी ठेवली. आडून आडून विचारलं तर म्हणाल्या, "म्या अजून खण आनला न्हाई. सोमवारी आननार हाय."

मग उरलं कोण? घरात सुई धरणारा हात एकच होता.

मी दार लोटलं आणि चोळी उलटी केली.  आतून दोन्ही काखांखाली, कापड दुमडून दुमडून, काळ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घातलेले. एका बाजूला तीन ओळी, दुसऱ्या बाजूला तीन ओळी. प्रत्येक ओळीच्या टोकाला ठसठशीत गाठ. हिरव्या कापडाला काळा दोरा कोण वापरतं? गल्लीत कुणाच्या झंपराला हिनं कधी रंग सोडून दोरा लावला नव्हता. तीन महिने झालेले आणि गाठीही एकेका बाजूला तीनच. वांझ बाई पोटुशीचं पोट बांधते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला एकदाही वाटलं नाही की उठावं, चार पावलं चालावं आणि तिलाच विचारावं.

चोळी तशीच गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकली आणि नवऱ्याच्या मागे लागून तालुक्याहून कुलूप आणवलं. किल्ली गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवली. तिच्या हातचा चहा पिणं मी बंद केलं. पित्त होतं म्हणायची. मी नको म्हटलं तरी तिनं रुंद पट्टी लावून दिलेला परकर खुंटीवर महिनाभर लोंबत राहिला आणि मी त्याच जुन्या नाडीत स्वतःला आवळत राहिले. दुखायचं, पण आपण सावध आहोत याचं मला बरंच कौतुक होतं.

सातव्यात ओटीचा दिवस ठरला. इथं मला सासूबाईंबद्दल खरं ते सांगायलाच हवं. बाई जुन्या वळणाच्या, पण मनानं मोठ्या. त्या म्हणाल्या, "थोरलीबी सवाष्ण हाय. तीबी ओटी भरंल. लोकं काय म्हनायचं ते म्हनूं दे." जाऊनं ते ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला गुणगुणताना पाहिलं. ठेवणीतली साडी काढून तिनं ती उन्हात टाकली.

आणि मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "आत्याबाई, त्यांच्या हातची ओटी मला नको."

त्यांनी कारण विचारलं नाही. पोटुशी बाईचा शब्द मोडायचा नसतो, एवढंच बहुतेक त्यांच्या मनात आलं असेल. ओटीच्या वेळी जाऊ आतल्या खोलीत पुऱ्या लाटत होती. ठेवणीतली साडी नेसूनच लाटत होती. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या आणि मला आतून लाटण्याचा आवाज येत होता. मला तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही तोंड कडू होतं.

बाळंतपणाला मी माहेरी, बोरीला गेले. पेटी घेऊन गेले आणि मायला ती चोळी दाखवली. माय शेवटी माझीच आई. तिनं हात न लावता चिमट्यानं उचलून ती गोठ्यातल्या डब्यात टाकली, वर मिठाचे खडे ठेवले आणि झाकण लावलं. "जाळली तर उलटंल," म्हणाली. "जानत्याला इचारून मग बघू." करणी उतरवणारा जाणता काही वेळेवर सापडला नाही.

मुलगी झाली. सुखरूप झाली. मायनं जुन्या लुगड्याची पट्टी करून माझं पोट आवळून बांधलं, कानाला फडकं बांधलं, बाजेखाली शेगडी ठेवली. मुलीला बाबांच्या जुन्या धोतराचं अंगडं आणि दुपटी, कारण पाचवी होईस्तोवर बाळाला नवं घालायचं नाही. सगळं मऊ, सगळं सैल, फक्त माझ्या अंगातले झंपर सोडून. ते लग्नातल्या मापाचे. दूध उतरलं तसे हुक लागेनात, लागले तर श्वास घेता येईना. माय म्हणायची, "उघडं ठिवू नको, वारं लागंल." मी ओढून ताणून हुक लावत राहिले. आठव्या दिवशी उजव्या बाजूला दगडासारखी गाठ आली, ताप चढला आणि मुलीला जवळ घेतलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दवाखान्यातली नर्सबाई घरी आली. तिनं गोळ्या दिल्या, शेक सांगितला, मुलीला त्याच बाजूला पाजत राहा म्हणाली आणि झंपराकडं बघून कपाळाला हात लावला. "असं आवळून घेतल्यावर गाठ येणार नाही तर काय? सैल घाला. पुढून उघडणारं घाला. काहीच नाही का घरात?"

मायच्या चोळ्या मला दंडात जाईनात. शिंपी चार दिवस लावणार. मी तापातच बोलून गेले, "गोठ्यात एक हाय." माय माझ्यावर डोळे वटारून राहिली, पण नर्सबाईनं डबा मागवलाच. मीठ झटकलं, चोळी उलटी केली, उजेडाकडं धरली आणि एकदम हसली.

"कुणी शिवली हो ही? लय हुशार बाई आहे."

तिनं एका काळ्या दोऱ्याची गाठ चिमटीत धरली आणि ओढली. दोरा सरसर निघून आला आणि चोळी दोन बोटं रुंद झाली. दुसरा ओढला, अजून दोन बोटं. "छाती भरेल तसा एकेक सोडायचा. हिरव्यावर काळा चटकन दिसतो, उसवताना भलतीच शिवण कापली जात नाही. आणि गाठ मोठी, म्हणजे हाताला लागते." पुढच्या बाजूला दोन पदरी झडप होती, वरचा पदर उचलला की अंग न उघडता बाळाला पाजता यायचं. ती मला पहिल्या वेळी दिसलीच नव्हती. मी फक्त गाठी मोजल्या होत्या.

चोळी मला अगदी बरोबर झाली. तिच्यासारखी सुखाची वस्तू मी त्या दिवसांत अंगावर घातली नाही. औषधानं ताप उतरला, गाठ विरघळली. मायचं मत मात्र बदललं नाही. "मिठात ठिवली म्हनून करनी उतरली," ती सगळ्यांना सांगायची. तिच्याशी वाद घालायला मी कोणत्या तोंडानं जाणार होते?

तीन महिन्यांनी वालूरला आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीला घेतलं, मुके घेतले. जाऊ यंत्रात तेल घालत होती. मी मुलीला घेऊन तिच्यापुढं गेले.

"घ्या की," मी म्हटलं.

"गोड हाय," ती बघून म्हणाली. "पाळन्यात ठिवा. माझे हात तेलकट हायेत." मला ती नेहमी अगं-तुगं करायची. त्या दिवसापासून अहो-जाहो करायला लागली.

"चोळी लय कामी आली, जाऊबाई."

"कोनती चोळी?" तिनं विचारलं. रीत तिनं मोडली नाही.

मग मी खालीच बसले आणि सगळं सांगितलं. काळे दोरे, कुलूप, मीठ. माझ्या मनात भलतं आलं, मी चुकले, म्हणून रडले. तिनं ऐकून घेतलं, तेलाची कुपी बूच लावून ठेवली. "ठावं हाय," ती म्हणाली. "कुलूप आनलं तवाच कळलं. रडू नका, दूध आटंल."

एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मुलीसाठी ती शिवायला लागली, टोपडी, कुंच्या, झबली, पुढं फ्रॉक. पण मुलीला कधी मांडीवर घेतलं नाही, की अंगाला माप लावून पाहिलं नाही. अंगणाच्या पलीकडून बघायची आणि शिवलेलं सासूबाईंच्या हाती पाठवायची. एकही कपडा कधी बोटभर चुकला नाही. मी कितीदा तरी मुलगी तिच्या बाजूला नेऊन ठेवायची आणि ती काहीतरी काम काढून उठायची.

मुलगी वर्षाची होत आली होती. मी पायरीवर ज्वारी निवडत होते. मुलगी भिंत धरून उभी होती. तिनं भिंत सोडली आणि पहिली चार पावलं टाकली ती थेट यंत्राकडं. तोल गेला तसा तिनं जाऊचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि वर तोंड करून हात पसरले. जाऊचे हात पुढं आले, आणि हवेतच थांबले. तिनं मुलीकडं पाहिलं नाही. आधी माझ्याकडं पाहिलं, घेऊ का म्हणून.