तरबूचा आटवलेला रस

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सासूबाई सहा आठवड्यांसाठी आयर्लंडमध्ये नावनला आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकल्या. सप्टेंबर लागला तशी त्यांना ढास लागली. टेस्ट झाली, एक्स-रे झाला, दोन्ही स्वच्छ. हळूहळू जाईल, असं इथल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ती काही जाईना.

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली बाई. लग्नाआधी लेहमध्ये एका अमचींच्या, म्हणजे तिबेटी पद्धतीच्या वैद्यांच्या, हाताखाली वर्ष काढलं. पण माझी पदवी इथे चालत नाही, आणि घरातही ती चालेनाशी झाली होती. नवरा म्हणायचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. सासूबाई नागपूरला फोनवर सांगायच्या, सून घरीच असते. घरीच असते म्हणे! माझा खल कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, धूळ खात पडला होता.

एका रविवारी समुद्रावर गेलो. वाळूच्या टेकड्यांवर काटेरी झुडपं आणि फांद्यांना चिकटून नारिंगी फळांचे घोस. मी जागीच थबकले. हे तर तरबू, लडाखातलं सी-बकथॉर्न! अमची याचाच रस आटवून खोकल्यावर द्यायचे. एक आयरिश आजोबा जाड हातमोजे घालून तीच झुडपं तोडत होते. फार माजतात, म्हणाले. फांद्या नेऊ का विचारलं, तर म्हणाले, ग्रँड, म्हणजे खुशाल, हव्या तेवढ्या ने.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. रानातलं काहीतरी उकळून माझ्या आईला पाजणार का, असं विचारलं आणि मग बोलू नये ते बोलला. "इथे तू डॉक्टर नाहीस."

डोक्यात तिडीक गेली. गाडीतली चादर पसरली आणि लेहमध्ये झोडपायचो तशी काठीने फांदी झोडपली. तिकडे पहाटे फळं गोठून कडक झालेली असतात, टपाटप पडतात. इथे कसली पडतायत! सगळी फुटली. माझा चष्मा, जॅकेट, नवऱ्याची पँट, सगळं नारिंगी. सासूबाई गाडीत बसून हसल्या आणि हसता हसता खोकून बेजार झाल्या. फजिती झाली खरी, पण मी हटणार नव्हते. उरलेल्या फांद्या घरी आणल्या, फ्रीझरमधले मटार बाहेर काढले आणि त्या आत कोंबल्या. दुसऱ्या दिवशी फळं सुटसुटीत झडली. दुपारभर मंद आचेवर रस आटवला.

नवं औषध रोग्यासमोर आधी आपण घ्यायचं, हा अमचींचा नियम. सासूबाईंसमोर मी चमचाभर घेतलं. आंबट जाळ. डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंड वाकडं केलं नाही. दुसरा चमचा भरून पुढे केला. नवरा दारात येऊन म्हणाला, आई, नको हं. सासूबाईंनी आता मान फिरवली तर निमूट तो कोर्स करायचा आणि वैद्यकीचं नावही काढायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

सासूबाईंनी चमच्याकडे पाहिलंच नाही. पदर सावरून हात पुढे केला.

"काहून गं, नाडी न पाहताच औषध देतेस काय?"

लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढे नाडी धरली. नवरा दारातच उभा होता. राहू दे उभा. मी चमचा खाली ठेवला, ओढणीला बोटं पुसली.

"उजवा नाही, आई. बायकांचा डावा बघतात," मी म्हटलं. "आणि आता बोलू नका."