उधाणाआधी

काल किनाऱ्यावर कुणीतरी केलेलं वाळूचं कासव दिसलं. लाट त्याचा एक पाय घेऊन गेली आणि मला सुमनची आठवण झाली.

अकरा वर्षं आम्ही दोघींनी मिळून वाळूची शिल्पं केली. ती मोडणार हे ठाऊकच असायचं. पाणी चढू लागलं की दोघी मागे सरून शेवटपर्यंत बघत राहायचो, आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

शेवटची होती वीस फुटांची निजलेली कोळीण. तिच्यासाठी तीन दिवस खपलो. उधाणाची भरती तिला संध्याकाळी नेणार होती. दुपारी मी जेवून परतले, तर तिथे सपाट वाळूवर नवरानवरीचे फोटो चालले होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी त्यासाठी जागा मागितली, आणि सुमनने मला न विचारता स्वतःच फावडं चालवलं होतं.

"संध्याकाळी जाणारच होती ना गं?" ती म्हणाली.

"हो. पण तेव्हा मी इथे असले असते."

ती नखांतली ओली वाळू काढत राहिली. त्यानंतर आम्ही एकत्र काम केलं नाही.

समुद्रावर मात्र मी कधीच रागावले नाही. त्याने आमच्या कुठल्याच शिल्पाला 'आपलं' म्हटलं नव्हतं.