पाहुण्यासाठी पांढरा रस्सा

पहार जमिनीत घालण्याआधी आमचे मुकादम ती तीनदा आपटायचे आणि वाकून विचारायचे, "कोण हाय का आत?" उत्तर येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय टोळीतल्या कुणालाही ते फावडं उचलू देत नसत.

मी पाण्याच्या पाइपलाइनवरचा ओव्हरसियर. माझा विश्वास नकाशावर, त्यांचा जमिनीवर. कोल्हापुरात खणलं की काहीतरी निघतंच, हे तुम्हीही पाहिलं असेल. एकदा रांजण निघाला, एकदा फुटकी मूर्ती. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते नकाशातून गाळलं होतं.

शाहूपुरीत एका जुन्या चर्चच्या कुंपणालगत मात्र माणसाची हाडं निघाली. छातीशी हिरवटलेला पितळी क्रूस, उशाशी झिजल्या अक्षरांचा दगड. कंत्राटदार फोनवर म्हणाला, सगळं डंपरमध्ये भरा आणि पाइप टाका. खरं सांगतो, मीही मान हलवली. वर कळवलं असतं तर काम थांबलं असतं आणि बोलणी मला बसली असती.

मुकादम खड्ड्यात उतरून बसले. "पावणं हायत ते. त्यास्नी डंपरात घालायचं तर आदी मला घाला."

कुणाची झोप मोडली तर त्याला नैवेद्य दाखवायचा, हा त्यांचा रिवाज. बुधवार होता, डब्यात मटण होतं. त्यांनी वाटीत फक्त पांढरा रस्सा ओतला. तांबडा का नाही, असं मी विचारलं.

"गोऱ्या सायबाला तिखट सोसतंय व्हय?" त्यांनी क्रूसाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात चर्चचे फादर आले. ते मूळचे मुरगूडचे. वाटी बघून त्यांनी हसू दाबलं आणि सांगितलं, की इथं पुरलेली माणसं आपल्याच भागातली, त्यांना तांबडाही चालला असता. मुकादमांना खजील झालेलं मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी गुपचूप दुसरी वाटी भरली.

मग मीच वर कळवलं. पुरातत्त्व खात्याची माणसं क्रूस आणि दगड घेऊन गेली, हाडं फादरांच्या ताब्यात राहिली. कंत्राटदारानं मुकादमांना त्याच आठवड्यात काढलं. ते गावी, शाहूवाडीला गेले. मी त्यांच्यासाठी एक शब्द टाकला नाही, त्याची लाज अजून वाटते.

महिन्यानं ती हाडं चर्चच्या आवारात पुन्हा पुरली. दगडावरचं नाव कुणाला लागलं नव्हतं. फादरांनी विचारलं, पहिली माती घालायला घरचं कुणी आहे का? मागून, एसटीनं आलेले, धुतल्या सदऱ्यातले मुकादम चपला काढून पुढे झाले.

"मी हाय की," म्हणाले आणि त्यांनी मूठ भरून माती घातली.