रांगोळीतली विहीर

गाव सुधारायची कुठलीही योजना आली, की आमच्याकडे आधी रांगोळी लागते. पारासमोर बायकांनी जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा आणि संस्थेच्या लोकांनी त्याचा फोटो घ्यायचा. याला लोकसहभाग म्हणतात. परवा तिसऱ्या संस्थेचा नकाशा झाला.

शेजारच्या सुमनकाकूंनी विहीर काढली आणि निळ्या रंगाने काठोकाठ भरली.

“काकू, विहीर तर आटलीय,” मी हळूच म्हटलं.

“ठाऊक आहे गं. पण रांगोळीत रिकामं काही काढू नये.”

मग पोटासाठी शहरात गेलेल्यांच्या कुलूपबंद घरांपुढेही त्यांनी एकेक तुळस काढली. संस्थेच्या ताई “किती सुंदर” म्हणाल्या आणि खुर्चीवर चढून फोटो घेतला. खरी विहीर तिथून शंभर पावलांवर होती. डोकावायला कुणी गेलं नाही.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. आधीचे दोन नकाशेही काकूंच्याच हातचे होते. म्हणजे संस्थांच्या कुठल्यातरी कपाटात आमचं गाव केव्हाच सुखी होऊन बसलं असेल. आम्हाला अपशकुन नको आणि त्यांना उदास फोटो नको. दोघांचं इतकं छान जमतं, की विहिरीची आठवण कोण काढणार?

त्याच संध्याकाळी काकू रिकामी कळशी घेऊन टँकरकडे निघाल्या. नकाशा अजून वाटेतच होता. निळ्या पाण्यात पाय पडू नये म्हणून त्यांनी वळसा घातला. त्यांच्यामागून मीही.