पेटीच्या पोटातला हात

गोविंदराव इंगळे यांना मी प्रथम पाहिले ते अकोल्याच्या मोटारस्टँडवर. अमरावतीच्या गाडीत आपल्या तिकिटाच्या जागेवर त्यांनी एक जुनी हार्मोनियम बसवली होती आणि स्वतः दांडा धरून उभे होते. ओळख ना पाळख, तरी मला म्हणाले, "जरा हात ठेवा तिच्यावर, धक्के बसून राहिले." मूर्तिजापूर यायच्या आत कळले, की मी ज्या शाळेत चित्रकला शिकवायला निघालो होतो, तिथलेच हे संगीतशिक्षक.

वऱ्हाडात नाटक कंपन्या मोडल्या, तशा त्यांच्या पेट्या आणि पायाने भाता चालवायच्या पायपेट्या जिथल्या तिथे राहिल्या. सुट्टी लागली की गोविंदराव त्यांच्या मागावर. मुलीसाठी स्थळ पाहावे तशा आठवडी बाजारात चौकश्या करीत. मिळालेली पेटी कुलपात मात्र कधी ठेवली नाही. मोहल्ल्यातले कोणीही यावे, वाजवावे. म्हणत, "वाजवल्याबिगर सूर गंजतात."

अकोटला कापसाची सरकी काढायच्या एका जिनात, तिथल्या सरकीच्या गोदामात, विलायती पायपेटी असल्याचे त्यांना कळले. मी सोबत गेलो. कापसाजवळ काडी ओढायला सक्त मनाई, म्हणून आत भर दुपारी अंधार. भात्याची गळती ते हातानेच शोधत. पुढून कोणीतरी पाय मारायचे, आणि ते मागची फळी काढून ओला हात भात्यावरून फिरवायचे. जिथे गार लागेल तिथे भोक. मी स्टुलावर बसून पाय मारू लागलो. आतून फूस्स आवाज आला.

"लय फाटला जी," ते म्हणाले. "थांबा आता."

मी थांबलो. आवाज थांबला नाही.

सरकीत उंदीर, उंदरांमागे साप, हे वऱ्हाडात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. पण पेटी दिसली की आम्हा दोघांची अक्कल गहाण पडते. मी पायट्यांवरचे पाय होते तिथेच धरून ठेवले.

"मास्तर," गोविंदराव अगदी हळू बोलले, "माह्या हाताले लागून हाये ते. तुमी पाय वर घ्या. सावकाश."

"तुमी हात काढा ना!"

"मी हात हालवला का ते तुमच्या पायाकडं येईन. पयले तुमचे पाय."

मी पाय वर घेतले. मगच त्यांनी हात तसूतसूने मागे ओढला. नाग पायट्यांजवळच्या फटीतून, जिथे माझे पाय होते तिथूनच, बाहेर पडला आणि सरकीत शिरला. गोविंदरावांच्या दंडाला ओरखडाही नव्हता.

ती पायपेटी आज त्यांच्या ओसरीवर आहे. ते वाजवायला बसले, की मी पाय जवळ घेऊन बसतो. लोक हसतात, हसोत.

आता गोविंदरावांची साठी झाली तरी खोड गेलेली नाही. बाळापूरला कुण्या पडक्या घरात आणखी एक पायपेटी असल्याची खबर आहे. परवा वहिनींनी मला दाराशी गाठले. "भाऊ, यायले एकटं जाऊ देऊ नका," एवढेच म्हणाल्या. मी सोबत जातो म्हणालो.

साठीच्या या गौरव अंकात दीर्घायुष्य सगळेच चिंतितील. मी ते भीत भीत चिंतितो. गोविंदरावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि बाळापूरच्या पेटीत पहिला हात माझा जावो.